मास्तरांचा नऊ नंबर

सोमवार, ११ मार्च. सकाळी धुकं, दहानंतर ऊन. स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलून घेतला. जिना उतरताना गुडघा कमी दुखला. काल आपला संघ पुन्हा हरला, ०-१. लांब्याला गोल नाही, सलग अकरावा सामना. दुपारी तळमजल्यावर टेलर मास्तरांच्या दुकानात बरीच आरडाओरड. संध्याकाळी मास्तर स्वतः वर आले आणि माझ्या जुन्या डायऱ्या मागितल्या.

त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या की डायरीत आधी हवामान लिहावं, मग घडलं ते लिहावं, आणि मनात काय आलं ते देवाला सांगावं, कागदाला नको. बासष्ट वर्षं मी ते पाळलं. पण मास्तरांविषयी लिहायचं तर सात ओळींत भागत नाही, म्हणून हे वेगळ्या वहीत.

मास्तर म्हणजे आमच्या इमारतीतले शिंपी. वय चौसष्ट, बेताची उंची, कानामागे खडू, गळ्यात टेप. टेप ते जेवतानाही काढत नाहीत. दुकानात दोन मशीन आहेत, एक त्यांचं, एक बायकोचं. बायको काजं-बटणं करते आणि हाताइतकंच तोंडही चालवते. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं तर मास्तर तसं म्हणत नाहीत. "कापड जरा आटलंय," म्हणतात आणि कमरेत दोन बोटं सोडतात. इतका मऊ माणूस. पण फुटबॉलच्या मैदानावर त्यांना कोणी ओळखणार नाही, असं आमचे हे सांगायचे. दोघं तेवीस वर्षं गोलामागच्या स्टँडमध्ये एकाच बाकावर बसले. हे घरी आले की बूट काढता काढता मला अख्खा सामना सांगत आणि मी दोन ओळींत लिहून ठेवी. मी स्वतः कधी गेले नाही. ऑफसाइड म्हणजे काय ते यांनी एकदा टेबलावर चमचे मांडून समजावलं होतं. मी मान हलवली. कळलं काही नाही.

चार वर्षांपूर्वी हे गेले. पुढच्याच रविवारी दारावर टकटक झाली. मास्तर उंबऱ्याबाहेरच उभे. "वहिनी, लिहा. दोन-एक. दुसरा गोल त्यांच्याच माणसाला लागून गेला, पण तसं नका लिहू." मी होतं तसंच लिहिलं. तेव्हापासून एकही रविवार चुकलेला नाही.

आता त्या कापडाविषयी सांगायला हवं. गोलामागच्या स्टँडच्या कठड्यावर एक निळं कापड बांधतात, खोलीभर लांब. त्यावर पांढरा नंबर शिवलेला असतो. स्टँडच्या लोकांनी ज्याला आपला मानलं त्या खेळाडूचा. खेळाडू मैदानात येतो तो आधी त्या कापडाकडे बघतो, तशी तिथली रीतच आहे. तो क्लब सोडून गेला, किंवा स्टँडचं मन बदललं, की नंबर उसवायचा आणि त्याच कापडावर दुसरा शिवायचा. सत्तावीस वर्षं हे काम मास्तरांच्या हातचं. आणि नऊ वर्षं त्या कापडावर नऊ नंबर आहे, लांब्याचा. लांब्या आता तेहेतीस वर्षांचा झाला. उंच आहे म्हणून लांब्या. हे म्हणायचे, तो धावताना शिडी धावल्यासारखी वाटते.

सोमवारी दुपारी दुकानात आला होता तो फ्यूज. हा इलेक्ट्रिशियन आहे, स्टँडमध्ये ड्रम वाजवतो. चटकन उडतो म्हणून फ्यूज. मी ब्लाउजची बाही उसवून घ्यायला गेले होते, त्यामुळे सगळं माझ्यासमोर झालं.

"मास्तर, अकरा सामने! अकरा सामन्यांत माझ्या आजीनेसुद्धा एक गोल मारला असता."

"तिला ट्रायलला पाठव. शर्ट मी शिवतो."

"चेष्टा नको. अकादमीची तीन पोरं तयार बसलीत. तेवीस, एकोणतीस, एकतीस. रविवारी कोच तिघांनाही उतरवणार आहे. कापडावर त्यांचे नंबर हवेत."

"कुठे तयार? पूर्ण सामना खेळलंय का एक तरी? कच्चे टाके घातलेला कोट मी आरशासमोर चढवतो, अंगावर घालून बाहेर नाही पाठवत."

"आणि विरलेला कोट?"

"विरलेला नाही. चुरगळलाय. चुरगळलेल्याला इस्त्री लागते, कात्री नाही."

मास्तरांच्या बायकोने दोरा दाताने तोडला. "लांब्या तुमचा जावई आहे का हो? जावयासाठी कधी इतकं भांडला नाहीत."

"आपल्याला मुलगी कुठे आहे?"

"तेच म्हणते मी."

फ्यूज हसला, पण त्याने आपला मुद्दा सोडला नाही. गुरुवारी सगळ्या स्टँडची बैठक घ्यायची, इथेच, हात वर करून मतं मोजायची. "आणि तुम्हाला उसवायचा नसेल तर राहू द्या मास्तर. छापखान्यात अर्ध्या दिवसात छापून मिळतं."

मास्तरांच्या हातातला खडू मोडला. छापील कापड आलं की त्यांचं तिथलं काम संपणार हे आम्हा सगळ्यांना कळलं. पण त्यांना ते खुपत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "रविवारी तो उतरेल, वर बघेल, आणि नंबर नसेल. तुला कळतंय का काय बोलतोयस?"

संध्याकाळी ते वर आले. या खेपेला उंबऱ्याच्या आत आले, म्हणजे काम मोठं होतं.

"वहिनी, लांब्याचा पहिला मोसम. नऊ वर्षांपूर्वीचा. सुरुवातीला चौदा सामने त्याला गोल नव्हता. मग सुटला तो सुटलाच. तुमच्याकडे लिहिलेलं असणार. फ्यूज माझं ऐकत नाही, पण तुमच्या अक्षराला घाबरतो."

मंगळवारी सकाळी मी कपाटातून त्या वर्षाची डायरी काढली. चष्मा पुसून एकेक रविवार बघितला. चौदा सामने नव्हतेच. चार होते. मी पुन्हा मोजले, चारच. आणि त्या चारांतलं पहिलंच, लांब्या पहिल्यांदा खेळला त्या दिवशीचं पान निघालं.

"१२ एप्रिल, रविवार. वारा. १-१. मास्तरांनी कोणाला न विचारता कॅप्टनचा चार नंबर उसवला आणि संघात नव्या आलेल्या पोराचा नऊ लावला. हे म्हणाले, कॅप्टनने वर पाहिलं आणि मग बराच वेळ खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिला. हे मास्तरांशी बोलत नाहीत. रात्री सूप, पाव."

त्यापुढे अकरा दिवसांनी एक ओळ: "हे मास्तरांशी बोलले."

मी डायरी मिटली. सापडलं नाही म्हणता आलं असतं. पण अर्धं सांगणं हे पूर्ण खोटं असतं असं आमच्या मनावर लहानपणीच ठोकून बसवलेलं. मी डायरी घेऊन खाली गेले.

"मास्तर, चौदा नाहीत. चार."

"चारच?" ते मशीनवरून उठले. "नीट बघितलंत?"

"दोनदा. आणि आणखी एक आहे, ते तुम्हीच वाचा."

मी पान उघडून कापायच्या टेबलावर ठेवलं. मास्तरांनी वाचलं. बायकोचं मशीन थांबलं. बाहेरून कोणी पँट घेऊन आलं होतं, त्याला तिने हातानेच नंतर ये म्हणून खुणावलं.

"दादांनी हे घरी सांगितलं होतं?" मास्तर म्हणाले. आमच्या ह्यांना ते दादा म्हणत.

"ते घरी सगळं सांगायचे."

"वहिनी, चौदा मी मुद्दाम नाही वाढवले. माझ्या डोक्यात चौदाच होते."

"होतं तसं."

"पण हे," त्यांनी पानावर बोट ठेवलं, "हे मी विसरलो नव्हतो. दादा मागे बसले होते. मी त्या दिवशी कापडाशी, पहिल्या रांगेत उभा होतो. कॅप्टनच्या बुटाची नाडी सुटलेली नव्हतीच. तो उगाच वाकला होता." "बरं, मी चुकलो होतो म्हणावं तर तसंही नाही. कॅप्टनचे पाय थकले होते. पोरगं सोनं निघालं. नऊ वर्षांत अठ्ठ्याऐंशी गोल. मी बरोबर होतो, वहिनी. आणि तरी नंतर कॅप्टन रस्त्यात दिसला की मी गल्ली बदलायचो. तो शेवटचा सामना होता त्याचा."

बायको म्हणाली, "मला कधी बोलला नाहीत."

"काय बोलणार?"

तिने उठून त्यांच्या पुढ्यात पाण्याचा ग्लास ठेवला. त्या दिवशी तिने त्यांना एकही टोमणा मारला नाही, हे मी मुद्दाम नोंदवते.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता दुकानात सोळा माणसं जमली. कोणी कापडाच्या गठ्ठ्यावर, कोणी इस्त्रीच्या टेबलाला टेकून. मला ट्रायल रूममधलं स्टूल दिलं. फ्यूजने सरळ मलाच विचारलं, "काकू, चौदा सापडले का?"

"चार."

हशा पिकला. मास्तरही कसंनुसं हसले. मग म्हणाले, "वहिनी, ती बारा एप्रिलची पण वाचा."

"मास्तर, गरज आहे का?"

"वाचा."

मी उभी राहून वाचली. शाळेत प्रार्थनेला उभं राहून वाचायची सवय, त्यामुळे आवाज स्वच्छ लागला; तो त्या वेळी जरा कमी स्वच्छ लागता तर बरं झालं असतं. पोस्टात टपाल वाटणारी एक बाई त्यांच्यात होती, ती म्हणाली, "म्हणजे मास्तर, आज फ्यूज म्हणतोय तेच तुम्ही तेव्हा केलंत."

"त्याच्यापेक्षा वाईट केलं. तो निदान विचारतोय तरी."

फ्यूजचे कान लाल झाले.

"पोरांना खेळवू नका असं मी म्हणत नाही," मास्तर म्हणाले. "ते कोच बघेल. पोरं चांगली निघतील, देव करो. पण पोरांना आत्ता कापडाची गरज नाही, त्यांच्या पायांत अठराव्या वर्षाचा जोर आहे. गरज त्याला आहे. गोल मारणाऱ्याचा नंबर कोणीही शिवेल. ते काम तर छापखानाही करेल."

हात वर झाले. मोजायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी स्टँडची नव्हते. मी दोनदा मोजलं. उसवायचा: दहा. ठेवायचा: सहा.

मला वाटलं, मास्तर आता कापड फ्यूजच्या अंगावर टाकतील आणि पुन्हा मैदानाचं तोंड बघणार नाहीत. त्यांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, टेबलावर ठेवली. "ठीक आहे. उसवतो. छापायला देऊ नका."

"तुम्हीच शिवणार?" फ्यूजने विचारलं.

"या हातांनी चढवला, याच हातांनी उतरवतो. फक्त एक. लांब्याला सांगायला मी जाणार. रविवारी वर बघून त्याला कळायला नको."

यावर मत घ्यायची वेळ आली नाही.

शुक्रवारी त्यांनी नऊ नंबर उसवला. ब्लेडने एकेक टाका, घाई नाही. बायकोने कापड ताणून धरलं होतं. शेवटचा टाका सुटला, पांढरा नऊ हातात आला, आणि दोघंही कापडाकडे बघत राहिली. तेवढ्यात फ्यूज आला.

"हे काय? हा अजून आहेच की!"

होताच. नऊ वर्षांच्या उन्हाने बाकीचं कापड राखेसारखं फिकट पडलं होतं आणि नंबराखालचं मात्र कोरं, गर्द निळं राहिलं होतं. पांढरा गेला, निळा नऊ उरला, पहिल्यापेक्षा ठळक. याआधी कोणताच नंबर दोन-तीन मोसमांच्या वर टिकला नव्हता, म्हणून हे कधी घडलं नव्हतं.

"तेवीस बरोबर यावर बसवा ना," फ्यूज म्हणाला.

मास्तरांनी कागदाचा तेवीस ठेवून बघितला. "नऊची शेपटी बाहेर राहते."

"तुम्हाला ठाऊक होतं!"

"आईशप्पथ नव्हतं रे."

बायकोला हसू आवरेना. "लोकांचे पडदे बदलताना रोज सांगतात, बाई, ऊन लागलंय, दुमडलेली कड सोडू नका, आतला गर्द पट्टा दिसेल. आणि स्वतःच्या कापडाला विसरले. म्हणे मास्तर!"

फ्यूजने कापडाभोवती दोन चकरा मारल्या, डोकं खाजवलं. शेवटी म्हणाला, "राहू दे. ऊन काय मत विचारून पडत नाही. पोरांचे नंबर वरच्या अंगाला शिवा."

शनिवारी सकाळी मास्तर मला म्हणाले, "वहिनी, चला बरोबर. एकट्याने माझी जीभ उचलायची नाही." आम्ही बसने गेलो आणि सराव संपेपर्यंत फाटकाशी उभे राहिलो. लांब्या बाहेर आला, खांद्यावर बॅग, गुडघ्याला पट्टी. मला मान वर करून बघावं लागलं. मास्तरांनी कागदी पिशवी पुढे केली. आत नऊ नंबर होता, इस्त्री करून घडी घातलेला.

"हे काय मास्तर?"

"तुझा नंबर. उद्या कापडावर नसेल. म्हटलं आपल्या तोंडाने सांगावं."

लांब्याने पिशवीत डोकावलं. "मला वाटलं, कधीच काढला असेल. पाच-सहा सामने झाले, मी वर बघतच नाही."

आठवडाभर ज्या एका नजरेसाठी मास्तर सगळ्यांशी भांडले होते, ती नजर महिना-दीड महिना वर वळलीच नव्हती.

"का रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"हिंमत होत नाही. असला तर लाज वाटणार. नसला तर..."

"होता. काल सकाळपर्यंत होता. आणि उद्या वर बघ."

"आता काय बघू?"

"सांगतो म्हणून बघ. पुरता निघाला नाही तो." मग माझ्याकडे वळून, "या आमच्या वहिनी. तुझा एकेक गोल यांनी लिहून ठेवलाय."

"आणि हे अकरा सामने?" लांब्याने मला विचारलं.

"तेही लिहिलेत," मी म्हणाले.

तो पहिल्यांदा हसला. "बरं आहे. बाकी सगळे एक तर शिव्या घालतात, नाहीतर उगाच धीर देतात."

"गुडघा कसा आहे?" मास्तरांनी विचारलं.

"गुडघा बरा आहे. पँटी मात्र कमरेत घट्ट होताहेत."

"कापड आटलं असेल. दुकानात ये, बघू."

परतताना बसमध्ये मास्तर खिडकीबाहेर बघत होते. उतरायच्या आधी म्हणाले, "वहिनी, उद्या याल का? दादांची जागा रिकामीच आहे." मी हो म्हणाले. कशी म्हणाले कोण जाणे.

शहात्तराव्या वर्षी मी पहिल्यांदा मैदान बघितलं. हे सांगायचे त्यापेक्षा ते लहान होतं आणि गवत जास्त हिरवं. बाक लाकडी, टोचणारा. आजूबाजूला जे शब्द चालले होते त्यांतले बरेचसे मी लिहिणार नाही. कठड्यावर कापड: वर तेवीस, एकोणतीस, एकतीस, पांढरेशुभ्र, ताजे, खाली मधोमध गर्द निळा नऊ. लांबून तो जास्त दिसत होता.

पोरं छान धावली. पहिली दहा मिनिटं तेविसाच्या पायातून चेंडू सारखा निसटत होता, मला बसल्या जागी दिसत होतं. मग त्याने गोल मारला. माझ्याआधी मास्तर उठले.

लांब्याला शेवटच्या वीस मिनिटांसाठी उतरवलं. रेषेशी उभा होता, मान खाली. आत पाऊल टाकण्याआधी त्याने वर बघितलं. बघतच राहिला. पंचांनी शिट्टी वाजवून त्याला बोलावलं तेव्हा कुठे हलला. मास्तरांनी दोन्ही हात वर केले आणि ओरडायला सुरुवात केली. ते वीस मिनिटं थांबले नाहीत. लांब्याला गोल मिळाला नाही. एक चेंडू त्याने डोक्याने छान मारला, पण गोलरक्षकाने धरला. सामना १-१.

उतरताना फ्यूज ड्रम खांद्यावर घेऊन आमच्याबरोबर चालत होता. "मास्तर, तेविसाच्या गोलला माझ्यापेक्षा जोरात ओरडलात तुम्ही."

मास्तरांचा आवाज पार गेला होता. नुसता वारा बाहेर येत होता. "पोरगं चांगलं आहे," ते कसेबसे म्हणाले. "पण..."

"माहितीय, माहितीय. कच्चे टाके."

घरी येऊन मी दिवा लावला आणि डायरी उघडली. स्कोअर सांगायला आज कोणी दारात येणार नव्हतं. लिहिलं ते असं:

रविवार, १७ मार्च. निरभ्र, दुपारी ऊन. सामना स्वतः पाहिला. १-१. लांब्याला गोल नाही, बारावा सामना. त्याने वर पाहिलं. मास्तरांचा घसा बसला, त्यांच्या बायकोकडे गुळण्यांसाठी मीठ पाठवलं. बरणी रिकामी झाली. उद्या मीठ आणणे.